३,५१३ मैल, पण कोणते?

काही वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात हिंदी महासागरावरच्या एका युद्धकालीन विमानसेवेवर लेख लिहिला होता. लेख बरा जमला असावा, कारण पंधरा-वीस पत्रे आली. त्यातले एक साधे पोस्टकार्ड होते. लिहिणारे निवृत्त भूगोल शिक्षक. मजकूर चारच ओळींचा. आपण लिहिलेले ६,५०६ किलोमीटर अंतर शाळेच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिले, दोन सेंटीमीटर दोरा उरतो, ते दोन सेंटीमीटर कुठे गेले ते कळवावे, अशी त्यांची विनंती होती.

मी त्यांना उत्तर पाठवले की विमाने काही दोऱ्यासारखी सरळ जात नाहीत. वारा असतो, शत्रू असतो, वळसा पडतो. उत्तर टपालात टाकले आणि विषय संपला असे मानले.

तो संपला नाही. माझी सगळी नोकरी कोकणातल्या एका एस.टी. आगारात गेली आणि त्यातली निम्मी वेळापत्रके करण्यात. इतिहास, खगोल, विमाने हे सारे मी रात्रपाळीत आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच शिकलो, त्यामुळे त्यात अनेक भोके असणार. पण एक गोष्ट आगाराने पक्की शिकवली. कोणत्याही मार्गाचे अंतर आणि त्याला लागणारा वेळ हे एकमेकांचे साक्षीदार असतात. चालकाने सांगितलेला वेळ आणि कागदावरचे अंतर जुळत नसेल, तर दोघांपैकी एक चूक आहे. घाट, पाऊस, फाटकावरचा खोळंबा हे सगळे धरूनही हिशोब कुठेतरी बसावा लागतो. दुसऱ्यांच्या फेऱ्यांना मी ही कसोटी आयुष्यभर लावली. स्वतःच्या लेखाला मात्र लावली नव्हती. हा लेख त्या राहून गेलेल्या तपासणीचा आहे.

तुटलेली वाट

आधी ती विमानसेवा कोणती, हे थोडक्यात सांगतो.

१९३८ पासून सिडनी ते इंग्लंडमधील साउदॅम्प्टन अशी उडत्या बोटींची नियमित वाहतूक होती. उडती बोट म्हणजे ज्याचे पोट नावेसारखे असते आणि जे पाण्यावरूनच उडते व पाण्यावरच उतरते असे विमान. सिंगापूर, कलकत्ता, अलाहाबाद, ग्वाल्हेर, राजस्थानातले राजसमंद, कराची असे टप्पे घेत हा प्रवास नऊ-दहा दिवसांत होई. ग्वाल्हेर आणि राजसमंदच्या तलावांवर तेव्हा विलायतेची विमाने उतरत, हे आज खरे वाटत नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मार्चमध्ये जावा गेला, अंदमानही जपानच्या ताब्यात गेले. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांना जोडणारी साखळी मधोमध तुटली. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर जपानी विमानांनी हल्ले केले. त्या आरमाराची पहिली खबर ४ एप्रिलला कॅनडाच्या लिओनार्ड बर्चल यांनी दिली. त्यांची कॅटालिना ही उडती बोट सिलोनच्या दक्षिण टोकावरच्या कोग्गला सरोवरातून टेहळणीला निघाली होती. खबर देता देताच ती पाडली गेली आणि बर्चल युद्धकैदी झाले.

असा प्रसंग येऊ शकतो याची शंका काही जणांना आधीपासून होती. जून १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे वैमानिक पी. जी. टेलर यांनी ‘गुबा’ नावाच्या कॅटालिनाच जातीच्या विमानातून कोकोस, दिएगो गार्सिया, सेशेल्स असे टप्पे घेत हिंदी महासागर ओलांडून मोंबासा गाठले होते. सिंगापूरची वाट बंद झालीच तर समुद्रावरून दुसरी काढता येईल का, हे पाहणे हा त्यांचा हेतू होता.

वाट निघाली, पण टप्पे न घेता. १९४३ च्या मध्यापासून क्वांटास कंपनीने पर्थच्या स्वान नदीतील तळ आणि सिलोनचे कोग्गला सरोवर यांच्यामध्ये कॅटालिना विमाने सुरू केली. हेच या लेखातले दोन विमानतळ. दोन्ही पाण्यावरचे. मध्ये अखंड महासागर.

पाच नक्षत्रे

पाच विमाने होती आणि पाचांना ताऱ्यांची नावे दिलेली होती : अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. आपल्या भाषेत हे अनुक्रमे श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. यातल्या तिघांनी आपल्या पंचांगाला श्रावण, ज्येष्ठ आणि चैत्र हे महिने दिले आहेत. अभिजित हे अठ्ठाविसावे नक्षत्र आणि राजन्य म्हणजे मृगातला तो निळसर तेजस्वी तारा. ही नावे केवळ हौसेने ठेवलेली नव्हती. जपानी विमानांना सुगावा लागू नये म्हणून वाटेत बिनतारी संदेश पाठवायला बंदी होती. हवामानाचे संदेश मोर्सच्या कट-कडकट्टमधून नुसते ऐकायचे, उत्तर द्यायचे नाही. मग आपण कुठे आहोत हे सांगणार कोण? तर हे तारे. मार्गदर्शक अधिकारी सेक्स्टंटने ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजी, घड्याळात पाही, तक्ता उघडी आणि नकाशावर रेघ ओढी. ज्या ताऱ्यांच्या आधाराने वाट काढायची त्यांचीच नावे विमानांना दिलेली होती.

विमानात शस्त्र नव्हते. अनावश्यक ते सारे काढून टाकून आत जादा इंधनटाक्या बसवल्या होत्या. सुमारे ९,००० लिटर पेट्रोल भरल्यावर विमानाचे वजन जवळपास १६ टन होई. एवढे पेट्रोल वाहून ते किती माल नेई? तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल. सरकारी खलिते आणि सैनिकांची पत्रे. एस.टी.च्या टपावर बाजाराच्या दिवशी एकटी कोळीण याहून जास्त वजनाच्या टोपल्या चढवते.

पूर्ण भाराने निघालेल्या विमानाचे एक इंजिन पहिल्या बऱ्याच तासांत बंद पडले असते, तर इंधन ओतून टाकल्याशिवाय दुसऱ्याच्या बळावर ते हवेत राहू शकले नसते. आणि इंधन ओतून टाकणे म्हणजे पलीकडचा किनारा सोडून देणे. जुलै १९४५ मध्ये सेवा थांबेपर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. एकाही माणसाचा जीव गेला नाही.

प्रवास २७ ते ३३ तासांचा असे. निघण्याची वेळ अशी ठरवलेली, की जपानी विमानांच्या टापूतून जाताना रात्र असावी. त्यामुळे एकाच उड्डाणात प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे. उतरल्यावर प्रत्येकाला ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ या गुप्त मंडळाचे सभासदत्व देणारे प्रमाणपत्र मिळे. दुहेरी सूर्योदयाची सेवा हेच तिचे नाव रूढ झाले. पुढे ती कराचीपर्यंत वाढवली गेली. मराठी वाचकाला हवाई टपालातले कराचीचे नाव अनोळखी नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन तिथूनच निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते.

इथपर्यंतचे सारे मी माझ्या जुन्या लेखात लिहिले होते आणि ते बरोबर आहे. चूक एकाच ओळीत होती : ‘अंतर ३,५१३ सागरी मैल, म्हणजे ६,५०६ किलोमीटर.’

दोरा आणि त्रिकोणमिती

शाळेतला नेहमीचा पृथ्वीगोल तीस सेंटीमीटर व्यासाचा असतो. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. माझे ६,५०६ किलोमीटर म्हणजे १५.३ सेंटीमीटर दोरा. मी आमच्या गावच्या शाळेतून गोल मागून आणला, सिलोनच्या तळापासून पर्थपर्यंत दोरा ताणला. १३.३ सेंटीमीटर भरला. गुरुजींचे दोन सेंटीमीटर माझ्याही हातात उरले.

दोरा ढोबळ असतो, म्हणून गणित केले. गोलावरच्या दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर महावृत्तावरून मोजतात. संत्र्याच्या नेमके मधून दोन भाग केले की सालीवर जे वर्तुळ उमटते ते महावृत्त. त्यासाठी लागणारी गोलीय त्रिकोणमिती मी चाळिशीनंतर ग्रहणांच्या वेळा काढण्याच्या नादात शिकलो होतो, ती इथे कामी आली. कोग्गला सरोवर उत्तर अक्षांश ५.९९, पूर्व रेखांश ८०.३३. स्वान नदीतला तळ दक्षिण अक्षांश ३१.९८, पूर्व रेखांश ११५.८२. या दोन बिंदूंमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन आला ५०.८३ अंश.

आता सागरी मैलाची गंमत अशी, की तो मुळात याच कोनातून निघालेला आहे. एका अंशाच्या साठ कला, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल. आज तो १,८५२ मीटरचा ठरलेला आहे. म्हणून ५०.८३ ला ६० ने गुणले, की सागरी मैल आपोआप मिळतात : ३,०५०. त्याचे किलोमीटर होतात सुमारे ५,६५०. आणि रस्त्यावरचा साधा मैल १,६०९ मीटरचा धरला, तर तेच अंतर येते ३,५१२ मैल.

हा शेवटचा आकडा कागदावर उमटला तेव्हा मी पेन खाली ठेवले. ३,५१२ आणि ३,५१३. सरोवरातला बिंदू हातभर इकडे-तिकडे धरला तरी एका मैलाचा फरक पडतो. आकडा तोच होता. मी ज्याला सागरी मैल म्हटले होते ते साधे मैल होते.

मग पुन्हा वाचायला बसलो. इंग्रजी लेखनात दोन्ही आकडे सापडतात. कुठे ३,५१३ सागरी मैल आणि ६,५०६ किलोमीटर, कुठे ५,६५२ किलोमीटर. दोन्ही मी आधीही पाहिले असणार. त्यातला मोठा मी उचलला, कारण मोठा आकडा लेखात शोभतो.

वळशाची सबब

पण गुरुजींना मी दिलेले उत्तर अजून शिल्लक होते : विमान सरळ गेले नसेल, शत्रूला चुकवण्यासाठी वळसा घेतला असेल, आणि ६,५०६ हा त्या वळशासकटचा आकडा असेल. हे शक्य आहे का?

प्रत्यक्ष वाट दोऱ्यापेक्षा लांब होती यात शंका नाही. वाऱ्याने विमान सरकते, ढग टाळावे लागतात. पण प्रश्न ८५० किलोमीटरचा आहे. ५,६५२ चा मार्ग वळसा घेऊन ६,५०६ करायचा, तर मध्यावर सरळ रेषेपासून किती दूर जावे लागेल? हा काटकोन त्रिकोणाचा हिशोब आहे, दहावीचा विद्यार्थीही करील. उत्तर येते सुमारे १,६०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून नागपूरला निघालेल्या गाडीला भोपाळवरून नेणे नव्हे, तर त्याहून कितीतरी मोठा फेरा.

त्याची गरज होती का? सरळ मार्गाचा मध्य मी काढला. तो येतो दक्षिण अक्षांश १३.६, पूर्व रेखांश ९६.६ या ठिकाणी. नकाशात तिथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर कोकोस बेटे आहेत, आणि ती ब्रिटिशांकडेच राहिली होती. जपानच्या ताब्यातले ख्रिसमस बेट या मध्यापासून हजारेक किलोमीटर पूर्वेला. आणि पहाटे निघून चौदा तासांनी मध्य गाठला, तर तिथे रात्र झालेली असते. पहाटे सुटण्याच्या त्या वेळापत्रकाचे मर्म इथे आहे. शत्रूला चुकवण्याचे काम अंधार करीत होता. ज्या विमानात पेट्रोलचा थेंब न् थेंब मोजून भरलेला असतो, त्याला चार तासांच्या फेऱ्याची चैन परवडत नाही.

आता दुसरा साक्षीदार, वेळ. कॅटालिना ताशी सुमारे २०० किलोमीटरने जाई, आणि तेही फार भार नसताना. सर्वांत जलद फेऱ्या २७ तासांच्या. अंतर ५,६५२ धरले, तर सरासरी वेग येतो ताशी २०९. वारा पाठीशी असेल तर पटण्यासारखा. सर्वांत संथ ३३ तासांच्या फेरीला वेग येतो १७१. वारा समोरून असेल तर तोही पटतो. खालचा आणि वरचा असे दोन्ही वेग विमानाच्या स्वाभाविक वेगाच्या आसपास पडतात. ६,५०६ धरले तर सर्वांत जलद फेरीचा वेग होतो ताशी २४१. पोटात टनावारी पेट्रोल घेऊन, तासामागून तास, दोन इंजिनांवर. माझ्यापुढे एखाद्या चालकाने अशी लॉगशीट ठेवली असती, तर मी त्याला बसवून घेऊन विचारले असते, ‘बाबा रे, मधला थांबा गाळलास की काय?’

वेळेने अंतराची चूक पकडून दिली. वेळ पहिल्या दिवसापासून तिथेच होती. माझ्याच लेखात, दोन ओळी खाली.

एका विमानात दोन मैल

चूक मुळात कशी झाली असेल? माझा तर्क असा. त्या काळात ब्रिटिश विमानवाहतुकीत अंतर आणि वेग साध्या मैलांत सांगण्याची पद्धत रूढ होती. स्पिटफायरचा वेगसुद्धा ताशी मैलांतच सांगत. पण त्याच विमानात ताऱ्यांवरून वाट काढणारा अधिकारी आपल्या तक्त्यावर सागरी मैल वापरी, कारण अंशांतून ते सरळ निघतात. एका विमानात दोन मैल नांदत होते. युद्धानंतर विमानाचे जग सागरी मैलांवर स्थिरावले. पुढच्या पिढीतल्या कोणीतरी जुन्या कागदावर नुसते ‘मैल’ वाचले, विमानाचे मैल म्हणजे सागरीच असणार असे समजून आधी ‘सागरी’ शब्द जोडला आणि मग प्रामाणिकपणे त्याचे किलोमीटर केले. गुणाकार बिनचूक होता, म्हणून कोणाला संशय आला नाही.

अशा चुकीचे आयुष्य मोठे असते, कारण ती खोटे बोलत नाही, कौतुक करते. समुद्र साडेआठशे किलोमीटरने रुंद केला की वैमानिक तेवढेच थोर दिसतात. मलाही तेच हवे होते. पण या माणसांना त्या उसन्या किलोमीटरची गरज नव्हती. शस्त्राशिवाय, बोलण्याची मुभा नसताना, चित्रा-ज्येष्ठेच्या भरवशावर ५,६५२ किलोमीटर आणि तेही २७१ वेळा. यात वाढवण्यासारखे काय आहे? उलट वाढवून आपण त्यांच्या मोजमापाचा अपमान करतो. ते एकेक कला मोजत होते, कारण चुकीची शिक्षा समुद्रात होती. आणि आपण घरात पंख्याखाली बसून आठशे किलोमीटर इकडचे तिकडे करतो.

२४ मार्च २०१८ रोजी क्वांटासचेच एक विमान पर्थहून निघाले आणि हाच महासागर ओलांडून, कुठेही न थांबता, सुमारे १७ तासांत लंडनला उतरले. अंतर १४,४९८ किलोमीटर. म्हणजे कॅटालिनाच्या अडीचपट अंतर, तिच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी वेळात. हवेत सलग बसून राहण्याच्या तासांत मात्र त्या जुन्या उडत्या बोटी अजूनही पुढे आहेत. त्या विमानांचे पुढे काय झाले? ती अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर मिळालेली होती. युद्ध संपल्यावर करारातील अटींमुळे ती परत करणे किंवा नष्ट करणे भाग होते. ती समुद्रात नेऊन बुडवण्यात आली. ज्या रॉटनेस्ट बेटावरून ती पर्थला परतत असत, त्याच परिसरात त्यांतली बहुतेक तळाशी आहेत.

गुरुजींना मी नवे पत्र लिहिले. हिशोबाचा कागद सोबत जोडला आणि वळशाची सबब सांगितल्याबद्दल माफी मागितली. त्यांचे पुन्हा पोस्टकार्ड आले. माफीबद्दल त्यात काही नव्हते. माझ्या हिशोबात पृथ्वी पूर्ण गोल धरली आहे, ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, तेव्हा अंतर आणखी काही किलोमीटर कमी येईल, तेवढे पाहावे, असे लिहिले होते. मी पाहिले. येते.

आपल्याकडे दिवाळी अंक रद्दीत जात नाहीत, कपाटात जातात. माझा तो जुना लेख कोणाच्या कपाटात असेलच. त्यांना विनंती आहे, की अंक काढावा, ‘सागरी’ हा शब्द आणि ६,५०६ हा आकडा पेन्सिलीने खोडावा, आणि बाजूला ५,६५० लिहावे. पेन्सिलच वापरावी. पोस्टकार्डे अजून येत असतात.